सातवा सांधा

येरळेच्या पात्रात उभी आहे मी, कोरड्या वाळूत,
आणि डोक्यावरून नदी चालली आहे,
दुसरीच कुठली तरी, कृष्णेतून उपसलेली,
पंपांनी टप्प्याटप्प्यानं डोंगर चढवलेली,
सिमेंटच्या द्रोणीत बसवून
आटपाडीकडे धाडलेली.
हिची-तिची ओळख कुणी करून दिलेली नाही.

जलसेतू, असं फलकावर लिहिलंय.
गावात म्हणतात पाण्याचा पूल.
त्यावरून वरात जात नाही, उसाची ट्रॉली जात नाही,
म्हणून तो थरथरतही नाही.
कासम शिकलगार मिस्त्री म्हणतात,
"रेल्वेचा पूल बोलतो, म्याडम.
ह्यो मुकाट वझं वाहतो."
आवर्तन सुटलं की गाळ्याच्या मधोमध
तीन मिलिमीटर खाली वाकतो,
पाणी बंद झालं की तेवढाच वर येतो.
मी मोजलंय. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

पहिलं पाणी आलं त्या दिवशी
मिस्त्रींनी वरून एक नारळ सोडला होता.
तो डुलत डुलत बारा गाळे ओलांडून गेला
आणि पुलाला त्याचं ओझं कळलंच नाही.
तरंगणारा आपल्या वजनाचं पाणी बाजूला सारतो,
हे मला कॉलेजात शिकवलं.
त्यांना कुणी शिकवलं, ते विचारायचं राहून गेलं.

मी आले ती सातव्या सांध्यासाठी.
दोन द्रोण्यांच्या मध्ये बोटभर फट ठेवावीच लागते,
काँक्रीट दुपारी फुगतं, पहाटे आखडतं,
त्यालाही हातपाय हलवायला जागा हवी.
त्या फटीतली रबरी पट्टी कुजली होती
आणि मिनिटाला अठरा लिटर
वरची नदी खालच्या नदीत सांडत होती.
बादली, घड्याळ, तीनदा मोजून सरासरी.

अठरा लिटरांत काय काय मावतं
याचा रकाना नमुन्यात नव्हता.
वाळूत परातीएवढं डबकं, कडेला लव्हाळा,
शेपट्या हलवत फिरणारी धोब्यांची जोडी,
खांबाच्या माथ्याशी खाचेत रुजलेला हातभर उंबर
आणि सदतीस शेरडं घेऊन टेकलेली बायाक्का हाके,
कळशी धारेखाली लावून,
जणू हा नळ तिच्याच नावानं मंजूर झाला होता.

"मुजवतीस व्हय?"
म्हटलं, हो.
"मुजव. पर आदी कळशी भरू दे."

पाणी बंद झाल्यावर तीन रात्री काम चाललं.
द्रोणीच्या तळाशी गाळ, एक चप्पल,
तडफडायचंही विसरलेला मरळ मासा.
मिस्त्री पोटावर झोपून छिन्नीनं फट साफ करत होते,
मी बॅटरी धरली होती,
आणि त्या रिकाम्या द्रोणीत
आमचं बोलणं दोनदा ऐकू यायचं.
जुनी पट्टी निघाली, नवी बसली, वर डांबरी लेप.
उंबर मुळासकट काढला, असं मी नोंदवलं.
मिस्त्रींनी तो ओल्या टॉवेलात गुंडाळून
सायकलला बांधला, हे नोंदवलं नाही.

पुढचं आवर्तन सुटलं तेव्हा
मी पुन्हा खाली, त्याच वाळूत.
सातवा सांधा कोरडा ठणठणीत,
डबक्याच्या जागी तडकलेल्या चिखलाची खपली,
त्यावर शेरडांच्या खुरांचे जुने ठसे.
विट्याच्या ऑफिसला फोन लावला,
गळती बंद, म्हणायला तोंड उघडलं,
तेवढ्यात पलीकडून शेरडं ओरडली.

आठवा.
एक गाळा पुढं सरकून बायाक्का बसली होती,
धोब्यांनीही जागा बदलली होती.
बादली मिस्त्रींच्या सायकलवर राहिलेली,
म्हणून तिचीच कळशी मागितली मोजायला.
दोघी गप्प बसलो, मी घड्याळाकडं बघत,
ती धारेकडं.
दोन मिनिटं, चाळीस सेकंद.

"सातवा बरा हुता," ती म्हणाली,
आणि कळशी कमरेवर घेऊन उठली.
फोन अजून चालूच होता माझ्या हातात,
पलीकडून कुणीतरी विचारत होतं,
हॅलो, मॅडम, काय लिहू?